उत्तरायुष्यातील व्रतमार्ग आणि व्यापारी गृहस्थ

अमावास्येच्या पहाटे मंदिरात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू अर्पण करावयाचा आणि पाडव्यास दुकानात नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटावयाचे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे. एका मंगल कार्यात सर्व परिग्रहाचा त्याग केलेल्या महापुरुषाचे स्मरण असते. दुसऱ्यात येत्या वर्षी परिग्रह वाढावा अशी इच्छा असते. या दोहोंमधील विसंगती तरुणपणी कोणाच्या ध्यानात येत नाही. साठीच्या आसपास मात्र एखाद्या पाडव्यास जुन्या वहीची बाकी नव्या वहीत ओढताना हात क्षणभर थांबतो, आणि मनात येते, ‘आणखी किती वर्षे ही बाकी आपण ओढणार?’

हा प्रश्न ज्यांच्या मनात उभा राहिला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, अडत आणि वाहतूक या विषयांवर जाणकार मंडळी लिहितातच. परंतु व्यापाऱ्याच्या आयुष्यातील शेवटचा मोठा व्यवहार, म्हणजे दुकानातून उठणे, याविषयी आपण एकमेकांशी क्वचितच बोलतो. उतारवयात दीक्षेची, निदान व्रतस्थ जीवनाची ओढ लागणे ही आपल्या समाजात नवलाची गोष्ट नाही. ती ओढ खरी कशी ओळखावी आणि तिच्यामागे कसे जावे, हे कळणे कठीण असते.

काही वर्षांमागे पाडव्याच्याच संध्याकाळी आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले. गूळ आणि धान्य यांच्या व्यापारात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. वय त्रेसष्ट, दोन मुले हाताशी आलेली, पेठेत शब्दाला किंमत. चहाचा कप बाजूला सारून ते म्हणाले, “अण्णा, आता वहीत मन लागत नाही. येत्या अष्टाह्निकेला ब्रह्मचर्यव्रत घेतो आणि क्षेत्रावर जाऊन राहतो. मुलांना नंतर कळवीन.”

आम्ही त्यांस लगेच धन्य म्हटले नाही. आपल्याकडे स्मशानवैराग्य हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. चितेचा धूर विरेपर्यंत माणसास संसार असार वाटतो आणि घरी येऊन अंघोळ केली की तो पुन्हा उधारीच्या चिठ्ठ्या चाळू लागतो. व्यापारात खोट आली, भावाभावांत वाटणीवरून बिनसले, सुनेशी पटेनासे झाले, म्हणजेही विरक्ती वाटू लागते. पण ती बहुधा विरक्ती नसून रुसवा असतो. म्हणून आम्ही त्यांस तीन गोष्टी विचारल्या. “आप्पा, लोकांचे देणे किती उरले आहे? वहिनींना सांगितले आहे काय? आणि तुम्ही नसताना मुलाने चुकीचा सौदा केला, तर तुम्हाला गप्प बसवेल काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले, दुसऱ्यास ते अडखळले, तिसऱ्यास हसले आणि न बोलता उठून गेले.

त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तत्पूर्वी आपल्याच मुलखातील काही थोरांची आठवण करणे उचित होईल. त्यांनाही हाक ऐकू आली होती. परंतु ती ऐकताच त्यांनी घर सोडले नाही.

वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या संगमाजवळचे भोज हे गाव आपल्या बेळगाव जिल्ह्यातील. तेथील पाटील घराण्यातील भीमगौडा आणि सत्यवती यांचे पुत्र सातगौडा यांचा जन्म १८७२ मध्ये आजोळी येळगुळ येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षीच त्यांचे लग्न लावण्यात आले आणि काही महिन्यांतच ती बालवधू वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. वैराग्याकडे त्यांचा कल लहानपणापासूनच होता. तथापि आईवडील हयात असेतो घर सोडावयाचे नाही, हे त्यांनी पाळले. घरची शेती होती, कापडाचे दुकानही होते. धाकटे बंधू कुमगौडा दुकानात नसताना गिऱ्हाईक आले, तर सातगौडा त्यासच कापड मोजून घ्यावयास आणि वहीत मांडून ठेवावयास सांगत, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. व्यवहारात ज्याची आसक्ती उरली नाही त्याने गिऱ्हाइकावर असा विश्वास टाकावा, हे स्वाभाविक आहे. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही की, आसक्ती नसतानाही ते दुकानात बसत होते.

१९०५ च्या सुमारास सम्मेदशिखरजीची यात्रा करून त्यांनी तूप आणि तेल यांचा जन्मभरासाठी त्याग केला. परतल्यावर एकभुक्त राहण्याचा नियम घेतला. हे सर्व घरात राहून, भावंडांत वावरून चालले होते. आईवडिलांच्या पश्चात, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी उत्तूर येथे क्षुल्लकदीक्षा घेतली. पुढे १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली; त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांच्या आसपास होते. १९२४ मध्ये सांगलीजवळील समडोळी येथे ते आचार्यपदी विराजमान झाले. आचार्य शांतिसागर या नावाने सारा देश ज्यांस ओळखतो ते हेच. दक्षिणेतून पायी विहार करीत ते उत्तरेत दिल्लीपर्यंत गेले आणि क्षीण झालेली दिगंबर मुनिपरंपरा त्यांनी पुन्हा देशभर दृश्यमान केली. १९५५ च्या १८ सप्टेंबर रोजी कुंथलगिरी क्षेत्रावर सल्लेखनापूर्वक त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातील दीक्षेनंतरच्या पस्तीस वर्षांचे गुणगान आपण नेहमी ऐकतो. घरात थांबून काढलेल्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांकडे आपले लक्ष जात नाही. गृहस्थाने शिकावयाचा पाठ मात्र त्याच वर्षांत आहे. कर्तव्यापोटी थांबणाऱ्याची ओढ थांबल्याने विझत नाही, उलट एकेका नियमाने ती बळकट होत जाते. त्यांचे थोरले बंधू देवगौडा हेही पुढे मुनी झाले आणि वर्धमानसागर या नावाने ओळखले गेले. धाकट्याने आधी वाट चालावी आणि थोरल्याने मागाहून त्याच वाटेस लागावे, यात त्या घराने कमीपणा मानला नाही.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे, म्हणजे त्या काळच्या निजामी मुलखाचे. हिरालाल गंगवाल यांचा जन्म १८७६ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खंडेलवाल कुळात झाला. कचनेर या चिंतामणी पार्श्वनाथाच्या क्षेत्रावर ते मुलांस धर्मशिक्षण देत. १९२४ मध्ये समडोळी येथेच त्यांनी आचार्य शांतिसागरांपाशी मुनिदीक्षा घेतली, त्या वेळी तेही अठ्ठेचाळिशीत होते. वीरसागर हे त्यांचे दीक्षेनंतरचे नाव. १९५५ मध्ये गुरूंनी आपले आचार्यपद त्यांसच दिले. त्यांच्या कचनेरच्या विद्यार्थ्यांपैकी एक, तोही हिरालाल नावाचाच, १९४९ मध्ये मुनी होऊन शिवसागर झाला आणि १९५७ मध्ये वीरसागरांच्या पश्चात संघाचा आचार्य झाला. त्याचा जन्म १९०१ चा, म्हणजे त्याच्याही वयाची तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती! शाळेच्या पडवीत मुलांस णमोकार शिकवणाऱ्या गृहस्थास आपल्या हातून कोणती परंपरा घडत आहे, याची त्या वेळी कल्पनाही नसेल.

तिसरे उदाहरण आपणां व्यापाऱ्यांस सर्वांत जवळचे आहे. कारण या गृहस्थांपुढे प्रश्न होता तो संपत्तीचा. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे कित्येक वर्षे संसारातून उदासीन झाले होते. १९४० मध्ये त्यांच्या मनाने घेतले की, आपण न्यायाने मिळविलेले द्रव्य धर्म आणि समाज यांच्या कारणी लावावे. आपल्यापैकी एखाद्याने काय केले असते? एक रक्कम ठरवून, संगमरवरी पाटीवर नाव कोरवून तो मोकळा झाला असता. जीवराजभाईंनी गावोगाव हिंडून विद्वानांस विचारले, ‘हे द्रव्य कोठे लावले असता खरा उपयोग होईल?’ समक्ष भेटी घेतल्या, लेखी मते मागविली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ क्षेत्रावर विद्वानांची बैठक भरवून हा विषय चर्चेस ठेवला. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला आणि त्यासाठी त्यांनी ३०,००० रुपये जाहीर केले. विरक्ती वाढत गेली तसे १९४४ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन केली. १९५७ च्या १६ जानेवारीस त्यांचे समाधिमरण झाले.

त्यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथमालेचा आरंभ ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राचीन प्राकृत ग्रंथाने झाला. तिच्या संपादकांपैकी डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. सोलापूरच्या गृहस्थाचे द्रव्य आणि सदलग्याच्या पंडिताची विद्या एकत्र आली, म्हणून हस्तलिखितांत पडून राहिलेले ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापले गेले. जीवराजभाई मुनी झाले नाहीत, ब्रह्मचारीच राहिले. परंतु हाकेला त्यांनी दिलेला हा होकार कोणत्याही अर्थाने लहान नव्हता. प्रत्येकाने पिंछी-कमंडलूच हाती घ्यावे असा हाकेचा अर्थ नसतो. आपल्याजवळ जे आहे ते कोणाचे म्हणून मोकळे करावयाचे, हे ज्याचे त्याने शोधावयाचे असते.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या आचार्यांनी गृहस्थास एकदम कड्यावरून उडी मारावयास सांगितलेले नाही. त्यांनी त्यासाठी अकरा पायऱ्यांची शिडी बांधून ठेवली आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या अकरा प्रतिमा आलेल्या आहेत. पहिली दर्शनाची, दुसरी व्रतांची, तिसरी सामायिकाची. पुढे प्रोषध, सचित्तत्याग, रात्रिभोजनाविषयीचा नियम आणि सातवी ब्रह्मचर्याची. इथपर्यंत दुकान चालू ठेवता येते. किंबहुना दुसरी पायरी दुकानातच चढावयाची आहे. कारण अचौर्यव्रताचे जे दोष ‘तत्त्वार्थसूत्रा’त मोजले आहेत, त्यांत मापात कमीजास्त करणे आणि अस्सल मालात नकली मिसळणे यांचा स्पष्ट समावेश आहे. ज्याचा तराजू सरळ नाही त्याने मुनिदीक्षेची भाषा बोलू नये, इतका त्याचा सरळ अर्थ आहे.

आठव्या पायरीवर आरंभत्याग, म्हणजे शेती, व्यापार, उद्योग सोडावयाचे. नवव्या पायरीवर परिग्रहत्याग, म्हणजे मालमत्तेवरचा हक्क सोडावयाचा. यानंतर मुक्कामाला पोहोचलो, असे कोणासही वाटेल. परंतु आचार्यांस माणसाचे मन आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांनी दहावी पायरी ठेवली ती अनुमतित्यागाची, म्हणजे घरच्या आणि धंद्याच्या कामात संमती किंवा सल्लाही न देण्याची. अकरावीवर उद्दिष्टत्याग, तेथे क्षुल्लक आणि ऐलक येतात, आपल्यासाठी म्हणून रांधलेले अन्नही ते घेत नाहीत.

व्यापाऱ्यास दहावी पायरी किती उंच आहे, हे सांगावयास नको. दुकान सोडता येते, तिजोरीची किल्ली देता येते. परंतु ‘मिरचीचा भाव पडणार आहे, आज विकून टाक,’ एवढे चार शब्द ओठांशी आलेले परतविणे हे भल्याभल्यांस जमत नाही. आम्ही स्वतः त्या पायरीच्या पुष्कळ खाली उभे आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे.

घर सोडताना द्रव्याची व्यवस्था कशी लावावी, याचाही विचार आपल्या पूर्वाचार्यांनी केलेला आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या राज्यात, आचार्य जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त गृहत्यागाची क्रिया सांगितली आहे. द्रव्याचे तीन भाग करावे. एक धर्मकार्यास, दुसरा घरखर्चास आणि तिसरा अपत्यांत वाटावा, अशी ती व्यवस्था आहे. विशेष हे की, वाटणीत मुलींनाही मुलांच्या बरोबरीचा वाटा सांगितला आहे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे आणि आपल्यापैकी किती घरांनी तो पाळला, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. वंशजाकडे सर्वस्व सोपविणे यालाही जिनसेनांनी दानाच्या प्रकारांत गणले आहे. मुलास दुकान देणे हे दान आहे असे एकदा मानले, म्हणजे दिलेल्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा वळून पाहणे शोभत नाही.

आणखी दोन गोष्टींबद्दल शास्त्रे दक्ष आहेत. कुंदकुंदाचार्यांनी ‘प्रवचनसारा’त श्रमण होऊ इच्छिणाऱ्याने बंधुवर्गाचा निरोप घ्यावा आणि वडीलधारी, पत्नी व पुत्र यांनी त्यास मोकळे करावे असे सांगितले आहे. श्वेतांबर परंपरेत दीक्षेस अपात्र ठरणाऱ्यांची जी यादी आहे, तीत कर्जात बुडालेला मनुष्य आहे आणि अतिवृद्धही आहे. म्हणजे लोकांचे देणे बुडवून जाता येत नाही. आणि देणे फेडता फेडता हातपाय थकेपर्यंत थांबताही येत नाही. उत्तरायुष्यातील हाकेची खरी अडचण याच दोन काठांमध्ये आहे. घाईने निघालेला मनुष्य ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून जातो, आणि ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्यास पुढले वर्ष मिळेलच अशी हमी नसते.

आता आमच्या त्या स्नेह्यांकडे येऊ. त्या पाडव्यानंतर सात-आठ महिन्यांनी ते पुन्हा आले. क्षेत्रावर ते गेले नव्हते. त्यांनी सांगितले, “त्या रात्री घरी जाऊन हिला विचारले. मला वाटले, रडेल. ती म्हणाली, अठरा वर्षे अष्टमी-चतुर्दशीला मी एकाशन करते ते तुम्हाला ठाऊक आहे. ते कशासाठी, हे तुम्ही कधी विचारले नाही. धाकटीचे लग्न झाले की मीच तुमच्याजवळ व्रताची गोष्ट काढणार होते.” हे सांगताना आप्पांचा आवाज बदलला. चाळीस वर्षे एका छपराखाली राहून, आपल्या आधी कोणी त्या वाटेवर उभे आहे याचा त्यांस पत्ताच नव्हता. आमच्या समाजात विरक्तीची चर्चा बहुधा पुरुषच करतात. परंतु व्रत-उपवासांचा खरा अभ्यास स्वयंपाकघरात झालेला असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येते.

मग त्यांनी वह्या काढल्या. देणे होते ते चुकते केले. येणे होते त्यातील लहान शेतकऱ्यांच्या नावांवर, ज्यांच्याकडून वर्षानुवर्षे काही येत नव्हते अशांच्या, त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली आणि तसे त्यांस निरोप पाठविले. मुलींस बोलावून वाटणीचा कागद केला. थोरल्या मुलाच्या हाती किल्ल्या दिल्या. “हे सर्व झाले, अण्णा,” ते म्हणाले, “पण संध्याकाळी मुलगा घरी आला की तोंडातून निघतेच, ‘आज गल्ला किती?’ तो बिचारा सांगतो. मग मी पश्चात्ताप करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.”

यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. दुकान बंद होण्याच्या वेळेस ते मंदिरात जाऊन सामायिकास बसू लागले. परत येईतो मुलाचे जेवण होऊन तो मुलाबाळांत रमलेला असे. आरंभी काही महिने मंदिरातही त्यांच्या मनात गल्ल्याचाच आकडा फिरत असे, हे त्यांनीच आम्हांस प्रांजळपणे सांगितले. पुढे धाकटीचे लग्न झाले. त्यानंतरच्या अष्टाह्निकेत पतिपत्नींनी एकाच दिवशी मुनिमहाराजांसमोर ब्रह्मचर्यव्रत घेतले. आता वर्षातील काही महिने ती दोघे क्षेत्रावर असतात. मोठी मिरवणूक निघाली नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र आले नाही. पेठेतील कित्येकांस अजूनही ठाऊक नाही.

आमच्या सभासदबंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते. ही ओढ ज्यांस लागली असेल त्यांनी ती लाजेने झाकून ठेवू नये आणि उत्साहाने मिरवूही नये. प्रथम घरात बोलावे, विशेषतः पत्नीशी. देण्याघेण्याची वही समोर घेऊन बसावे. एखादा लहान नियम घ्यावा आणि तो वर्षभर निभतो की नाही ते पाहावे. गावात मुनिसंघाचा चातुर्मास असेल तर व्याख्यान ऐकून परतण्याऐवजी दोन घटका बसून आपली शंका विचारावी. आणि तरुण सभासदांस आमची विनंती आहे की, वडील असे काही बोलू लागले तर ते थकले आहेत किंवा रागावले आहेत, असे एकदम समजू नये. धंद्याची व्यवस्था वेळेवर आपल्या अंगावर घेणे, हेही त्यांच्या धर्मकार्यास केलेले साहाय्यच होय.

येत्या पाडव्यास पुन्हा नव्या वह्यांचे पूजन होईल. शुभ आणि लाभ हे शब्द आपण नेहमीप्रमाणे लिहू. ज्यांची साठी उलटली आहे त्यांनी त्या रात्री जुनी वही कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा पुन्हा उघडावी आणि आपल्या हयातीत कोणते खाते मिटवावयाचे राहिले आहे, ते शांतपणे पाहावे. आम्हीही आमची वही त्या रात्री उघडणार आहोत.